बायोडेटात तारखा आधी लाव, विशेषणं मागाहून बघू

अनेक आशीर्वाद.

तुझा बायोडेटा वाचला. दोन पानं आहेत आणि क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी ज्या कामावर तुझी निवड व्हायला हवी, ते दुसऱ्या पानाच्या तळाशी, छंदांच्या जरा वर सापडलं. पहिलं पान दहावीच्या टक्क्यांपासून सुरू होतं. आयुष्य त्याच क्रमानं घडलं हे खरं, पण अर्जांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेल्याला तू आज काय करतोस ते आधी हवं असतं.

म्हणून सगळं उलटं लाव. चालू नोकरी सर्वांत वर, मग चाकणची, मग ॲप्रेंटिसशिप, शेवटी शिक्षण. 2019 च्या डिप्लोम्याला एक ओळ पुरे, तक्ता कशाला? दहावीचे टक्के अर्जात मागितले असतील तिथेच लिही. जागाही त्याच हिशोबानं वाट: आत्ताच्या कामाला पाच-सहा ओळी, आधीच्याला तीन, ॲप्रेंटिसशिपला दोन.

आता तारखा. माझं खरं भांडण इथेच आहे. चाकणच्या नोकरीपुढे तू नुसतं '2021 ते 2023' लिहिलंयस. डिसेंबर 2021 ते जानेवारी 2023 धरलं तर चौदा महिने होतात, जानेवारी 2021 ते डिसेंबर 2023 धरलं तर पुरी तीन वर्षं. दोन्ही त्या एका ओळीत बसतात आणि वाचणारा कमीचंच धरतो. प्रत्येक ठिकाणी महिना आणि वर्ष दोन्ही हवं.

आणि ते आठवणीतून लिहू नकोस. यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा कायमचा खाते क्रमांक, घालून पीएफच्या पोर्टलवर जा, 'सर्व्हिस हिस्टरी' उघड. कुठे कधी लागलास, कधी सोडलंस, सगळं तिथे असतं; नोकरीचा सातबाराच तो. नेमणुकीआधी पडताळणी करणारे बहुतेक वेळा तोच मागतात. जुनी नोकरी सोडल्याची तारीख तिथे भरलेलीच नसेल, तर आधार जोडलेलं असल्यास सोडल्यानंतर दोन महिन्यांनी ती तुला स्वतःलाही भरता येते. मुलाखतीचं बोलावणं आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आताच बघून घे.

तो उतारा उघडलास की एक गोष्ट तुला खटकेल. बायोडेटात तू चाकणच्या त्या मोठ्या कंपनीचं नाव ठळक अक्षरात दिलंयस, पण पगार ठेकेदार देत होता. पीएफच्या नोंदीत ठेकेदाराचंच नाव असणार. पडताळणीत नावं जुळली नाहीत की तू खोटं लिहिलंस असा अर्थ निघतो, काम कितीही खरं असलं तरी. म्हणून आधी ठेकेदाराच्या फर्मचं नाव, आणि लगेच खाली 'कामाचं ठिकाण' म्हणून त्या प्लँटचं. यात कमीपणा कसला? चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत ठेकेदाराच्या रोलवर काम केलेली निम्मी पोरं हे लपवतात आणि विनाकारण अडकतात.

ॲप्रेंटिसशिपचं वर्ष मात्र त्या उताऱ्यात दिसणार नाही, घाबरू नकोस. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे. त्याचा पीएफ कापला जात नाही. त्या वर्षाचा पुरावा तुझं प्रमाणपत्र. त्यावरच्या तारखा जशाच्या तशा उतरव.

ॲप्रेंटिसशिप संपली तेव्हा टाळेबंदीचं वर्ष चालू होतं. त्यानंतर वर्षभर तू गावी शेतावर होतास. ती जागा भरून काढायला ॲप्रेंटिसशिपचे महिने ताणू नकोस. 'घरची शेती' एवढं लिही, महिने घाल, पुढे चल. 2020 मध्ये काय झालं होतं ते मुलाखत घेणाऱ्यालाही आठवतं. तुझ्या मित्रानं सुचवलेला, कौशल्यं वर आणि तारखा गायब असा साचा मला पसंत नाही. तो कागद हातात आला की मी पहिल्यांदा तारखाच शोधतो.

नोकरीखालच्या ओळींत 'गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली' असं आहे. यातून काय कळतं? कुठला पार्ट तपासायचास? इनकमिंगला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासायला होतास, लाइनवर की डिस्पॅचआधीच्या तपासणीला? व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज या मोजमापाच्या साधनांतलं रोज हातात काय असायचं? सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं अचूक घेणाऱ्या मशीनवर, स्वतः माप घेतलंस की दुसऱ्यानं घेतलेला रिपोर्ट फाइल केलास? ग्राहकाची तक्रार आली तेव्हा एट-डी रिपोर्टमधला, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणाऱ्या अहवालातला, कुठला भाग तू भरलास? फोनवर तू मला बोअर ओव्हरसाइज, म्हणजे पार्टमधलं भोक मापापेक्षा मोठं, येत असल्याची गोष्ट सांगितलीस, टूल झिजल्याचं तुझ्या लक्षात आलं ती. ती कागदावर कुठेच नाही! दोन ओळींत लिही. रिजेक्शन किती कमी झालं ते रजिस्टरमध्ये पाहिलं असशील तरच आकडा टाक. समोरचा माणूस हमखास विचारतो, मीही विचारतो.

बाकी किरकोळ. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक, शेवटचं 'वरील माहिती खरी आहे' हे प्रतिज्ञापत्र, सगळं काढ. दोन रकान्यांची रंगीत मांडणीही नको. नोकरीच्या पोर्टलवर चढवली की कधी कधी मजकुराची सरमिसळ होते. 'मेहनती' आणि 'प्रामाणिक' हेही खोड. माझ्या टेबलावर आजवर एकही आळशी उमेदवार आलेला नाही, कागदावर तरी.

ठेकेदाराकडून अनुभवाचा दाखला अजून घेतला नाहीस म्हणालास. या आठवड्यातच त्यांच्या ऑफिसला जा. ठेका दुसऱ्याकडे गेला की ती माणसं सापडत नाहीत. दाखल्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि प्लँटचं नाव, सगळं लिहून घे; शिक्का राहू देऊ नकोस. मग तारखा जुळवून बायोडेटा पुन्हा पाठव. एका पानात बसला तर उत्तम, दीड झालं तरी वाचीन.