गोल्फचा ड्रायव्हर ९ चा की १२ चा?

प्रश्न: वय ५४, शनिवार-रविवार येरवड्याला पुणे गोल्फ कोर्सवर खेळतो. पार्टनरचं बघून ९ डिग्रीचा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) घेतला, पण बॉल उठतच नाही आणि शिवाय उजवीकडे पळतो. सिम्युलेटरवर स्विंगचा स्पीड ताशी ८५ मैल आला. लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या बॉलला लागणाऱ्या बाजूचा (फेसचा) मागे कललेला कोन, बदलू का?

उत्तर: बदलाच हो. कमी लॉफ्ट म्हणजे जास्त लांब हे खूळ आधी डोक्यातून काढा, ते ११०-११५ मैलांनी मारणाऱ्या पोरांचं गणित आहे, आपल्या ८५ ला बॉल हवेत टिकायलाच लॉफ्ट लागतो, त्यामुळे १०.५ ते १२ च्या मधलं काहीतरी बघा. तुम्ही बॉलवर वरून खाली मारत असाल (आयर्नची, म्हणजे जमिनीवरचा बॉल मारायच्या क्लबची, सवय असलेले बरेचजण मारतात) तर १२ कडेच झुका, पण त्याआधी टी (बॉल ठेवायची खुंटी) थोडा उंच लावून आणि बॉल डाव्या टाचेसमोर ठेवून बघा, फुकटात एखादा डिग्री मिळून जाईल. उजवीकडे पळतो त्याचं मूळ स्विंगमध्येच आहे, पण लॉफ्ट वाढला की बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) वाढतो आणि तो बाकदारपणा जरा कमी दिसतो.

तुमचा क्लब ॲडजस्टेबल असेल तर नवीन घ्यायची घाई नको, पाना लावून लॉफ्ट वाढवा, त्यात फेसही किंचित बंद होतो, स्लाइसवाल्याला (ज्याचा बॉल असा उजवीकडे वळतो त्याला) बरंच ते. मग लाँच मॉनिटरवर (फटका मोजणाऱ्या यंत्रावर) मारून बघा, लाँच, म्हणजे बॉल उडायचा कोन, १३-१५ डिग्री आणि स्पिन मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आत आला की झालं. आणि पार्टनरला काही सांगू नका, सोलवरचा (क्लबच्या तळावरचा) आकडा कोण वाचतंय!