टँगो अर्जेंटिनाचा, मग तो 'लॅटिन' गटात का नाही?

बॉलरूम नाचाच्या स्पर्धांमधले 'स्टँडर्ड' आणि 'लॅटिन' हे दोन गट नाचांच्या जन्मगावावरून पडलेले नाहीत, जोडी एकमेकांना कशी धरते आणि कशी सरकते यावरून पडलेत. टँगो जन्मला १९व्या शतकाच्या अखेरीस, अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेस आणि शेजारच्या उरुग्वेतल्या माँटेव्हिडिओच्या बंदरालगतच्या गरीब वस्त्यांत. आफ्रिकी वंशाच्या लोकांचं कांडोम्बे (ढोलांवरचं नाच-संगीत), क्युबातून आलेला हाबानेरा हा नाच, याच बंदरांच्या भागातली मिलोंगा ही नाच-गाण्याची शैली आणि युरोपातून आलेले स्थलांतरित, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. १९१२-१३च्या सुमारास पॅरिस आणि लंडनला त्याचं वेड लागलं. पुढे इंग्रज शिक्षकांनी त्याला नियमांत बसवून वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉटच्या पंगतीत, म्हणजे 'स्टँडर्ड' गटात नेऊन ठेवलं.

मूळ टँगोत छातीला छाती लागते. पुढे नेणाऱ्याने वजन जरासं हलवलं की जोडीदाराला पुढचं पाऊल कळतं. सगळं आयत्या वेळी सुचलेलं. बॉलरूम टँगोत मात्र धड वरच्या बाजूला एकमेकांपासून लांब, मान झटक्यात वळते, पावलं ठरलेली. गुडघे दुमडलेले राहतात, वॉल्ट्झसारखं वर-खाली होणं नाही. मला स्वतःला मूळ टँगोच जास्त भिडतो, कारण त्यात दोघं खरोखर एकमेकांचं ऐकत असतात.

उलट 'लॅटिन' गटातला पासो डोब्ले स्पेनच्या बैलझुंजीच्या संगीतावरचा, आणि जाइव्हचं मूळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या स्विंग नाचांत. चा-चा-चा आणि रुंबा क्युबाचे, सांबा ब्राझीलचा. एवढी तीन नावं गटाला शोभतात.