गोफणीतला दगड आणि पडणारा चंद्र

प्रश्न : सर, माझी मुलगी यंदा दहावीला आहे. विज्ञानाचा पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. तिला समजावं म्हणून घरातली जुनी गोफण काढली, फिरवून दाखवली आणि म्हटलं, बघ, दगड बाहेर ओढ घेतो. ती म्हणते, ‘‘पप्पा, पुस्तकात तर बल आत, केंद्राकडे असतं असं लिहिलंय.’’ मग हाताला बाहेरची ओढ बसते ती कसली? चंद्राला तर दोरीच नाही. तो सुटून का जात नाही, आणि पडत का नाही? शिवाय आमच्याकडे सगळे म्हणतात, गुरुत्वाकर्षण न्यूटनच्या आधी चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या भास्कराचार्यांनी शोधलं. मुलीला काय सांगू?
– एक शेतकरी वाचक, चोपडा तालुका

उत्तर : भाऊ, पुस्तक बरोबर सांगतंय, आणि त्याची साक्ष तुमची गोफणच देते. फक्त ती फिरवताना नाही, सोडताना बघायची.

तापीकाठच्या काळ्या रानात दादर ज्वारी हुरड्यावर आली की माझे आबा मला राखणीला माळ्यावर न्यायचे. गोफणीचं एक टोक बोटात अडकवलेलं, दुसरं चिमटीत, मधल्या विणलेल्या झोळीत दगड. डोक्यावरून फिरवायचे, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. पाखरं समोर उतरलेली असायची. पण आबा चिमूट सोडायचे ती दगड समोर आल्यावर नव्हे, तो उजव्या खांद्याच्या रेषेत असतानाच. आणि दगड नीट समोर जायचा. दगडाला बाहेर ढकलणारं काही असतं, तर उजवीकडे सुटलेला दगड उजवीकडच्या शेजाऱ्याच्या शेतात पडला असता. तसं कधीच होत नाही. सुटल्या क्षणी तो ज्या दिशेने धावत असतो, त्याच दिशेने सरळ निघतो. भूमितीत ज्याला स्पर्शिका म्हणतात, ती त्याची वाट. मुलीला मोकळ्या रानात हे करून दाखवा, आसपास माणूस-जनावर नाही ना, हे आधी बघून.

म्हणजे दगडाला सरळच जायचं असतं. दोरी त्याला क्षणोक्षणी आत खेचते म्हणून तो वळतो. हेच अभिकेंद्री बल. दोरी दगडाला आत ओढते तेव्हा दगडही दोरीला तेवढ्याच जोराने उलट ओढतो आणि ते तुमच्या हाताला कळतं. ती ओढ हातावरची आहे, दगडावरची नाही. ती थोडीथोडकीही नसते. १०० ग्रॅमचा दगड एक मीटर दोरीवर सेकंदाला दोन फेरे घेत असेल, तर हाताला दीड किलोहून जास्त वजन तोलल्यासारखं वाटतं. कन्नड घाटात एसटी डावीकडे वळली की आपण उजवीकडे फेकलो जातो असं वाटतं, तिथेही अंग सरळ चाललेलं असतं आणि गाडी खालून वळते. गाडीत बसून हिशेब मांडायचा तर ‘अपकेंद्री बल’ धरावं लागतं. रस्त्याकडेला उभ्या माणसाला त्याची गरज पडत नाही.

आता दोरी कशाच्या बळावर धरते? तिच्या तंतूंमधले अणू एकमेकांना विद्युतचुंबकीय बलाने धरून असतात. एसटीच्या टायरचं आणि रस्त्याचं घर्षणही त्याच बलाचं. निसर्गात मूलभूत बलं चार : गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, तीव्र केंद्रकीय आणि क्षीण केंद्रकीय. शेवटची दोन अणुकेंद्रकाच्या आतच चालतात, आपल्या गोफणीशी त्यांचा थेट संबंध नाही. गुरुत्वाकर्षण या चारांत सगळ्यांत दुबळं. दोन प्रोटॉनमधलं विद्युत बल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ वर ३६ शून्यं इतक्या पट असतं. पण पृथ्वी किंवा चंद्र घेतला तर धन आणि ऋण प्रभार एकमेकांना जवळपास पुरते पुसतात. गुरुत्वाकर्षणाला पुसणारं काहीच नाही, ते वस्तुमानाबरोबर साठतच जातं. म्हणून आभाळात त्याचंच राज्य.

चंद्राची दोरी ती हीच. आणि भाऊ, ‘पडत का नाही’ याचं उत्तर असं की तो पडतोच आहे. तो सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने आडवा धावतो. सरळ गेला असता तर जिथे पोचला असता, तिथून तो एका सेकंदात सुमारे १.३६ मिलिमीटर पृथ्वीकडे आलेला असतो. एवढंसं पडणं, पण अखंड. त्यामुळे वाट गोल होते आणि २७.३ दिवसांत फेरा पुरा होतो. इथे आपल्या अंगणात सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. ४.९ मीटरला १.३६ मिलिमीटरने भागा, ३६०० च्या आसपास येतं. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट लांब आहे, आणि ६० चा वर्ग ३६००. अंतर वाढलं की ओढ वर्गाच्या प्रमाणात घटते, हे आकड्यांतून असं समोर येतं. मला भौतिकशास्त्रात याहून सुंदर हिशेब माहीत नाही.

आता भास्कराचार्य. शके १०७२, म्हणजे ११५० मधल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे की पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, ती आकाशातल्या जड वस्तूला आपल्याकडे ओढते आणि ती वस्तू पडल्यासारखी दिसते. पुढचा प्रश्न तर त्याहून धारदार : सगळीकडे आकाश सारखंच असताना पृथ्वीने पडावं तरी कुठे? चाळीसगावजवळ पाटण्याच्या देवळात त्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे; आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ उभारल्याचं त्यात कोरलंय. मुलीला हे अभिमानाने सांगा. पण अंतराच्या वर्गाचा नियम, आणि दगडाला ओढणारं बलच चंद्रालाही वळवतं हे दाखवणारा हिशेब त्यांच्या ग्रंथात नाही. तो १६८७ मध्ये न्यूटनने छापला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, दोन्ही सांगा.

मुलीसाठी एक गणित देतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरतं. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून ते एका सेकंदात किती ‘पडतं’ ते तिने काढावं. उत्तर सव्वाचार मीटरांहून जरा जास्त आलं पाहिजे. आतले अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून नव्हे, हे त्या आकड्यावरून तिचं तिलाच कळेल. रीत लिहून पाठवायला सांगा.