आधी बँकेकडे जा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. लोकांचे पैसे लाटल्याचा ज्यांच्यावर संशय आहे त्यांना सगळं गाव मानतं, मग तपास कुठून सुरू करू, असं तू विचारलं आहेस. माणसापासून सुरू करूच नकोस. आधी बँकेकडे जा.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डिक्सन नावाचं सुमारे पंधरा हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या नगर प्रशासनाचा हिशेब सांभाळणाऱ्या रिटा क्रंडवेल यांनी १९९० ते २०१२ या काळात ५ कोटी ३७ लाख डॉलरचा अपहार केला. गावाच्याच नावानं त्यांनी एक गुप्त खातं उघडलं होतं. राज्य सरकारची म्हणून खोटी बिलं तयार करायची, पैसा त्या खात्यात वळवायचा आणि तिथून आपल्या घोड्यांवर उधळायचा. लेखापरीक्षण होत होतंच, पण त्यातून काही निघालं नाही. २०११मध्ये त्या लांबच्या रजेवर गेल्या. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या बाईंनी बँकेकडून सगळ्या खात्यांची स्टेटमेंट मागवली, तेव्हा ते अनोळखी खातं समोर आलं. नेहमीच्याच खात्यांची मागवली असती तर कदाचित ते आणखी काही वर्षं दडून राहिलं असतं.

म्हणून संशयिताच्या कपाटातून आलेल्या झेरॉक्सवर विसंबू नकोस. कागद थेट बँकेकडून, रीतसर पत्र देऊन मागव. बिल ज्याच्या नावाचं असेल त्याच्याकडे जाऊन खात्री कर की ते त्यानंच दिलं होतं. टपाल कोण उघडतं, चेकवर सही कोण करतं आणि ताळेबंद कोण जुळवतं, हे शोध. तिन्ही ठिकाणी एकच नाव आलं तर तिथे थांबून खोलवर बघ.

यापेक्षा अवघड आहे ते गप्प राहणं. डिक्सनच्या महापौरांनी एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेला, कळवलं आणि अटक होईपर्यंत कित्येक महिने ते व त्या बाई त्याच कचेरीत, क्रंडवेल यांच्याशी नेहमीसारखं बोलत वावरले. लहान गावात हे फार जड जातं, कारण संशयिताचा भाऊ तुझ्या ओळखीचा असतो आणि कुजबुज तुझ्याआधी त्याच्या घरी पोचते. पण एक शब्द फुटला तर कागद गायब होतात. त्यामुळे संशयिताचा जबाब अगदी शेवटी घे.

ज्यांचे पैसे बुडाले ते सुरुवातीला तुझ्यावरच चिडतील. १९२०मध्ये बोस्टनला, भरमसाट नफ्याचं आमिष दाखवून हजारो लोकांना फसवणाऱ्या चार्ल्स पाँझीची चौकशी चालू होती, तेव्हाही त्याच्या कचेरीबाहेर त्याचा जयजयकार होत होता. फसलो हे मान्य करायला लोकांना लाज वाटते, आणि ती लाज खरी असते. त्यांच्या घरी जा, एकेकट्याशी बोल, 'तुम्ही विश्वास कसा ठेवलात?' हा प्रश्न चुकूनही विचारू नकोस. फक्त तारखा आणि पावत्या माग.

स्टेटमेंट आली की त्यांची दुसरी प्रत काढ. खुणा तिच्यावर कर. मूळ प्रतीला पेन लावू नकोस. मग तारखांप्रमाणे एक यादी करून मला पाठव, आपण बसून पाहू.