कणकेतली साय

नाशिकहून एका वाचक मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाली आहे. पत्र मोठं आहे, थोडक्यात देते.

"मावशी, माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं. घरात मी, नवरा आणि सासू-सासरे. घर पहिल्यापासून शाकाहारी. पाच महिन्यांपूर्वी मी दूध, दही, तूप सगळं सोडलं. एका नातेवाइकांच्या गोठ्यात वासराला गाईपासून लांब बांधलेलं पाहिलं, ते रात्रभर हंबरत होतं, आणि त्यानंतर दुधाचा घोट घशाखाली उतरेना. सासूबाईंना सांगितलं, त्या 'बरं' म्हणाल्या. गेल्या आठवड्यात सहज स्वयंपाकघरात गेले, तर त्या साय घालून कणीक मळत होत्या. म्हणाल्या, 'रोजच घालते. तुझ्या अंगाला काही लागायला नको का?' म्हणजे पाच महिने मी साय खात होते! त्याच दिवशी कळलं, की हिरवा ठिपका बघून घेतलेल्या बिस्किटांतही दूध आहे. आता प्रत्येक पाकीट उलटंपालटं करत बसते, कुणाच्या हातचं खाववत नाही. नवरा म्हणतो, एवढं काय त्यात. थकवा फार येतो, वजनही उतरलंय. गौरी-गणपती तोंडावर आलेत. सोडून देऊ का हे सगळं?"

बाळ, आधी सायीबद्दल बोलू. बिस्किटांपेक्षा तीच तुला जास्त लागलीये.

मी हेच केलंय. माझ्या भाचीनं सहा वर्षांपूर्वी दूध सोडलं. ती माझ्याकडे राहायला आली, की मी तिच्या मुगाच्या खिचडीत गुपचूप चमचाभर तूप घालायचे. लसणाच्या फोडणीखाली वास दबून जायचा. पोर वाळत चाललीय, आपण तिचं भलंच करतोय, असं मला मनापासून वाटायचं. एकदा तिनं पाहिलं. ती भांडली नाही, ताटावरून उठलीही नाही. पण पुढे जवळजवळ वर्षभर ती माझ्याकडे जेवली नाही. यायची, बसायची, पाणी पिऊन जायची. तिच्या मोकळ्या ताटाकडे बघताना मला कळलं, की तिचा माझ्या हातावरचा विश्वास मी स्वतःच घालवला होता.

म्हणून तुझा राग खरा आहे, हे तुझ्या नवऱ्यानं वाचावं. कुणी काय खावं हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि 'बरं' म्हणून उलट वागणं ही फसवणूकच, हेतू कितीही चांगला असो. आणि तुझ्या सासूबाईंना मी ओळखत नसले, तरी त्या सायीमागची काळजी मी चांगली ओळखते. आमच्या पिढीत सुनेला साय देणं म्हणजे तिचे लाड होते. साय मुलांना, पाहुण्यांना, बाळंतिणीला. सुनेच्या वाट्याला यायची ती पातेल्याला चिकटलेली खरवड.

जेवताना हा विषय काढू नकोस. दुपारी त्या काही निवडत-टिपत बसल्या असतील, तेव्हा शेजारी बस आणि सांग, "आई, तुम्ही काळजीपोटी घातलीत हे कळतं मला. पण मला न सांगता घातलीत, त्याचं फार वाईट वाटलं. माझ्या अंगाला काय लागतंय ते मी डॉक्टरांकडून तपासून घेते आणि कागद तुम्हाला दाखवते. कणीक मात्र उद्यापासून मी मळणार." हे शेवटचं वाक्य विसरू नकोस. तुझ्यासाठी वेगळं काही करायची जबाबदारी त्यांच्यावर पडली, तर महिन्याभरात त्या कंटाळतील. तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवलेल्या कणकेच्या पोळ्या संध्याकाळपर्यंत मऊ राहतात.

कागद दाखवते म्हणालीस, की तो आणावाही लागेल. थकवा आणि उतरलेलं वजन हे 'शरीराला सवय होतेय' म्हणून सोडून देऊ नकोस. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व तपासून घे. शाकाहारी घरात बी-१२ मिळतं ते मुख्यतः दूध-दह्यातून. तू ते बंद केलंस (निदान तुझ्या समजुतीप्रमाणे), आणि पालेभाजी, स्पिरुलिना (शेवाळाची पूड) किंवा मोड आलेली कडधान्यं यांच्या भरवशावर ते भरून येत नाही. गोळी किंवा बी-१२ घातलेलं अन्न घ्यावंच लागतं, आणि ते कायमचं. हे जीवनसत्त्व मुळात जिवाणू तयार करतात, गोळीतलंही जिवाणूंपासूनच काढलेलं असतं, त्यामुळे गोळी घेताना मनाला टोचण नको. एक धोका मात्र लक्षात ठेव. भरपूर पालेभाज्या खाणाऱ्यांच्या पोटात फॉलेट (ब गटातलंच एक जीवनसत्त्व) पुष्कळ जातं. त्यामुळे बी-१२ कमी असूनही रक्ताच्या साध्या तपासणीत पंडुरोग दिसत नाही आणि आत नसांचं नुकसान चालू राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांग.

डी जीवनसत्त्वाची गंमत अशी, की औषधाच्या दुकानातलं बहुतेक डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. दगडफुलाच्या जातीपासून काढलेलं डी-३ ही मिळतं, शोधावं लागतं. मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं असतं, आणि कितीतरी साध्या गोळ्यांमध्ये भर म्हणून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. डॉक्टरांना पर्याय विचार. पर्याय नसेल तर लिहून दिलेलं औषध घे. ब्रिटनमध्ये १९४४ साली 'व्हीगन' (प्राण्यांपासून आलेलं काहीच न घेणारा) हा शब्द आणि व्हीगन सोसायटी एकदमच जन्माला आली, आणि त्या संस्थेच्या आजच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' अशी अट घातलेली आहे. औषधासाठी ती मुभा आहे. तुझ्या पाच महिन्यांसाठीही आहे. तू फसवली गेलीस, तुझं काही मोडलेलं नाही.

आता पाकिटं. हिरव्या ठिपक्यानं तुला फसवलं नाही, त्याचा अर्थ आपण चुकीचा धरतो. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात मांसाहारी कशाला म्हणायचं ते लिहिलंय, आणि त्यातून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख हे सरळ वगळलेत. म्हणजे हिरवा ठिपका असला की मांस, मासे, अंडी, जिलेटिन, किड्यांपासून केलेला लाल रंग यांची चिंता मिटली. तुझी यादी एकदम आखूड झाली. उरलं मुख्यतः दूध. तेही शोधायला सोपं आहे, कारण ॲलर्जीच्या नियमामुळे घटकांच्या यादीच्या आसपास 'कंटेन्स मिल्क' असं वेगळं छापावं लागतं. आधी तीच ओळ वाच. 'मे कंटेन' असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ त्याच कारखान्यात दुधाचं काही बनतं आणि अंश लागू शकतो. दुधाची ॲलर्जी नसेल, तर त्यावर रात्रीची झोप घालवू नकोस.

दुधाची नावं पाठ करून टाक : मिल्क सॉलिड्स, एसएनएफ, व्हे, केसीन, केसिनेट, लॅक्टोज, बटर ऑइल. ती अनपेक्षित जागी भेटतात. मसाला लावलेले वेफर्स, पाव, सूपची पाकिटं, अगदी 'नॉन-डेअरी' म्हणवणारी कॉफीतली पावडरसुद्धा, तिच्यात केसिनेट असू शकतं. उलट काही नावं उगाच घाबरवतात. कोको बटर कोकोच्या बियांचं असतं, लेसिथिन (पाकिटावर घटकाचा आकडा ३२२) बहुतेक वेळा सोयाचं, आणि लॅक्टिक आम्ल (२७०) नाव दुधाचं मिरवत असलं तरी साधारणपणे साखर आंबवून करतात. आकड्यांतले दोनच लक्षात ठेवलेस तरी पुष्कळ झालं : ९०१ म्हणजे मधमाश्यांचं मेण, ९०४ म्हणजे लाख. चकाकणाऱ्या गोळ्या-चॉकलेटांवर त्यांचाच मुलामा असतो. मिठाईवरचा चांदीचा वर्ख परंपरेनं जनावरांच्या आतड्याच्या थरांमध्ये कुटला जायचा. आता यंत्रावरही बनतो, पण दुकानात बघून ओळखता येत नाही, तेव्हा तो टाळलेला बरा.

हे सगळं एकदाच नीट तपासायचं आणि २०२२ च्या नियमानं आलेलं, इंग्रजी व्ही आणि पान असलेलं हिरवं व्हीगन चिन्ह दिसलं तर तेवढाही खटाटोप नाही. घरात येणाऱ्या दहा-पंधरा वस्तू ठरवून टाक, मग त्याच आण. घटक बदलतात, म्हणून अधूनमधून नजर टाकायची, एवढंच. आणि परदेशी मजकूर वाचून साखर सोडू नकोस. हाडांच्या कोळशातून साखर गाळण्याची पद्धत अमेरिकेतल्या कारखान्यांची. आपल्याकडचे कारखाने बहुतेक करून चुना आणि गंधकाच्या वायूनं रस स्वच्छ करतात. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात तर रसाची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात.

घरच्या जेवणात तुला फार सोडावं लागणार नाही, आणि हेच तुझ्या सासूबाईंना दाखवायचंय. आपल्याकडे तूप बहुतेक वेळा वरून पडतं. पिठलं, आमटी, भरली वांगी, मसालेभात, थालीपीठ, ठेचा : तुझं आधी वाढून घेतलं की झालं. घरच्या दुधातलं कॅल्शियम गेलं म्हणून त्या काळजी करतील. त्यांना सांग, १०० ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच नाचणीत ३५० च्या आसपास आणि तिळात हजाराच्या वर. रोज एक नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी घे. डाळी-उसळींवर लिंबू पिळ, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नकोस, लोह अंगी लागत नाही. वजन उतरलंय ना, मग दाण्याचं कूट आणि ओलं खोबरं हात सैल सोडून घाल. दह्यावाचून चैन पडत नसेल तर दाण्याचं दूध काढून, उकळून, कोमट असताना त्यात देठासकट दोन हिरव्या मिरच्या टाकून ठेव. उबेत आठ-दहा तासांत लागतं. पहिलं विरजण जरा फुसकं होतं, त्याचं दुसरं चांगलं.

हॉटेलात ग्रेव्ही आणि नान यांच्यापासून दूर राहा, आणि ढोकळा, रवा डोसा यांत ताक आहे का ते विचार. बाकी विचारायला लाजू नकोस.

राहिल्या गौरी. नैवेद्याचं पान डोळ्यांसमोर आण. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलदोडा, जायफळ. पोळीची कणीक तेलातच तिंबतात, तूप लागतं ते तव्यावर आणि पानात. चिंचगुळाचं अळू, भजी, कुरडया, दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी (फोडणी तेलाची) हे सगळं तुझं. कढी सोड. पानात डावीकडे वाढतात ते मिरच्या, दाणे, तीळ, खोबरं, चिंच-गुळाचं पंचामृतही तुझंच. तीर्थाचं पंचामृत मात्र दूध-दही-तूप-मधाचं, ते तळहातावर घेऊन डोळ्यांना लावलंस तरी कुणाची भक्ती उणी होत नाही. मोदकाची उकड काढताना लोण्याऐवजी तेल घाल, पाकळ्या तशाच सुरेख येतात.

आणि या वर्षी गोड एक तू कर. कोकणात शिरवळ्या करतात : तांदळाच्या उकडीच्या शेवया, वर गूळ आणि वेलची घातलेला नारळाचा रस. कुणीही 'व्हीगन' म्हणून केलेला पदार्थ नाही हा, आजीच्या आजीपासून चालत आलाय. शेवया पाडायला दोन माणसं लागतात, एक सोऱ्या धरायला आणि एक दाबायला. सासूबाईंना हाक मार.

माझी भाची वर्षानं परत जेवायला लागली, ती याच स्वयंपाकघरात. तिच्या डोळ्यांसमोर मी तेलाची बरणी काढली आणि तिच्याच हातात पळी दिली. अजूनही ती आली की फोडणी तीच घालते.

तपासणीला उद्याच जा. आणि गौरी उठल्या की मला लिही, शिरवळ्या कशा झाल्या ते.

— मावशी