टायर घेताना बिलावर नंबर लिहून घ्या, बाकीचं नंतर बघू

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. साखळी-पणजी रोजचं येणं-जाणं, अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव, गाडीत आई-वडील आणि मुलं, टायर पाच वर्षांचे, त्यामुळे बदलायचे हे ठरलेलंच. पण दुकानदार घसघशीत सूट देतोय आणि तारीख विचारली तर म्हणतो, "टायर नवाच आहे, तारखेचं काय घेऊन बसलात?" हेच शब्द मलाही ऐकवले गेले होते आणि ते मला फार महागात पडले.

साइज आणि हवेचं प्रेशर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, त्यावर बोलत नाही. एवढंच बघा की तुमच्या १८५/६५ आर १५ च्या पुढे ८८ लिहिलंय, त्याहून कमी आकडा घेऊ नका. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार.

"ऑल सीझन" म्हणून जादा पैसे मागतायत, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. थंड देशांत ते टायर बर्फाचाही विचार करून बनवतात, रबर थंडीतही मऊ राहावं म्हणून. आपल्याकडे डिसेंबरातही स्वेटर दोन-चार पहाटेच लागतो. गोव्याचे ऋतू म्हणजे ऊन आणि पाऊस, त्यातला टायरची परीक्षा घेणारा पाऊसच. तेव्हा रुंद, खोल उभ्या खाचा आणि ओल्या रस्त्यावरची पकड बघा. मायलेज वाढवतो म्हणून विकलेला टायर पावसात पकडीला कमी पडतो, असा माझा तरी अनुभव आहे. मी काही इंजिनियर नाही, वापरणारा माणूस आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आता मुख्य गोष्ट. मी चार नवे टायर घेतले, काळे कुळकुळीत, पॉलिश मारलेले. दुसऱ्या पावसाळ्यात खाचांच्या तळाशी बारीक चिरा दिसायला लागल्या, नख फिरवलं की हाताला लागायच्या. घाटात उतारावर, वळणावर तांबडी माती वाहून आलेली असताना ब्रेक दाबला की गाडी पुढे सरकायची. दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, "ते कंपनीचं काम." कंपनीच्या क्लेम विभागाने आधी फोटो मागवले, मग टायर उतरवून आणायला लावले आणि शेवटी बिल मागितलं. बिलावर काय होतं? "टायर, ४ नग." बस्स. सीरियल नंबर नाही, तारीख नाही.

तर म्हणाले, या बिलातले टायर हेच कशावरून? आणि बिल जुळत नाही म्हणून वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजली. तेव्हा कळलं की माझ्या गाडीला लागण्याआधीच ते टायर तीन वर्षांहून जास्त कुठेतरी पडून होते. दुकानदाराने सरळ कानावर हात ठेवले, असले जुने टायर आम्ही विकतच नाही म्हणे. क्लेमच्या टेबलावरच्या माणसाने त्या चिरांना हातसुद्धा लावला नाही, तो फक्त कागद उलटसुलट करत राहिला. हेलपाटे मारून मारून शेवटी चारही टायर पुन्हा माझ्या खिशातून आले. गाडीत माझीही मुलं बसतात, म्हणून हा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो. टायरच्या बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा, म्हणजे जून. पण हे आकडे बहुतेक टायरवर एकाच बाजूला असतात. ती बाजू आत गेली की रॅम्पखाली टॉर्च घेऊन वाकावं लागतं, म्हणून रिमवर चढवण्याआधीच चारही टायर फिरवून बघा आणि फोटो काढा. चौघांची तारीख एकच असेल असं धरू नका. पक्क्या बिलावर प्रत्येक टायरचा सीरियल नंबर आणि तारीख लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तर उठून चालू पडा, सूट कितीही असो. सहा महिन्यांपर्यंतचा टायर मी डोळे मिटून घेतो, वर्षाच्या वरचा घेत नाही. हा माझा नियम, तुम्ही तुमचा ठरवा. तरीही वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण नंबर नसलेलं बिल घेऊन तिथे तरी काय दाखवणार?

दोन की चार, असंही विचारलंय. पाच वर्षांचे आहेत तर चारही बदला. पैशांची ओढाताण असेल आणि दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा. टायरवाला पुढेच लावायला बघेल, गाडी पुढच्या चाकांनी ओढते म्हणून. ऐकू नका. पावसात मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते आणि आपल्यासारख्या साध्या ड्रायव्हरला ती सावरता येत नाही.

कायद्याने खाचांची खोली झिजून १.६ मिलिमीटरपर्यंत आली तरी चालते, पण आपल्या पावसाला ते पुरत नाही. खोली ३ मिलिमीटरवर आली की मी टायर मे महिन्यातच बदलून टाकतो. व्हॉल्व्ह नवे घ्या, अलाइनमेंट त्याच दिवशी करा, नायट्रोजनवर पैसे घालवू नका, साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. आणि हो, डिकीतल्या स्टेपनीची तारीखही याच फेरीत वाचून घ्या, चोर्ल्यात पंक्चर झालं तर तिच्यावरच घरी यायचंय.