निवृत्त फौजी वडिलांच्या नैराश्यावर आणि घबराटीवर उपचार कुठे, कसे मिळतील?

तुमचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले, रात्र रात्र जागे असतात, छातीत धडधडतं, आणि डॉक्टरांचं नाव काढलं की 'मी काय वेडा आहे का' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय.

या नकाराचं मूळ बहुधा नोकरीत आहे. फौजेतल्या 'शेप' या वैद्यकीय वर्गवारीत पहिलाच 'एस' मानसिक स्थितीचा. कॅटेगरी घसरली की बढती अडू शकते, म्हणून जवान तोंड उघडत नाही आणि ती सवय घरीही येते. त्यांना स्वच्छ सांगा: मानसोपचार घेतल्याने पेन्शन कमी होत नाही. (डीएससीत, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, पुन्हा भरती व्हायचं असेल तर वैद्यकीय तपासणी होते, हेही लपवू नका.)

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड घेऊन तिचं पॉलिक्लिनिक गाठा. तिथे सहसा मानसोपचारतज्ज्ञ नसतो. वैद्यकीय अधिकारी लष्करी किंवा पॅनेलवरच्या (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयाचा रेफरल, म्हणजे तिकडे पाठवायची चिठ्ठी, देतात. गाडं अडतं ते इथेच. अधिकाऱ्यासमोर वडील ताठ बसून 'सब ठीक है' म्हणणार, फार तर अ‍ॅसिडिटी आणि पाठदुखी सांगणार, आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन परत येणार. म्हणून कागदावर लिहून न्या: किती तास झोप, कधीपासून, दचकून उठतात का, वजन घटलं का, रोज किती पेग. रेफरल मानसोपचाराचाच हवा, असं तुम्ही स्वतः बोला. थायरॉइड आणि बी-१२ तपासायलाही सांगा; त्यांच्या गडबडीतूनही अशी लक्षणं दिसतात.

डॉक्टरांसमोर कॅन्टीनमधून मिळणाऱ्या दारूच्या कोट्याचा उल्लेख टाळू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत दारू तोडली तर झटके येऊ शकतात, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

नैराश्याच्या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात मळमळ होते, अस्वस्थता उलट वाढू शकते. फरक जाणवायला २ ते ६ आठवडे लागतात. बरेच जण दहाव्या दिवशीच 'काही उपयोग नाही' म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने चालू ठेवायच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या. झोपेच्या गोळ्या मात्र थोड्याच दिवसांपुरत्या, त्यांची सवय लागते. साठा कधी कधी नसतो, तेव्हा गोळ्या संपायच्या आठवडाभर आधीच पॉलिक्लिनिकला जा. सोबत समुपदेशनही मागा, नुसत्या गोळ्यांवर भागवू नका.

ते यायलाच तयार नसतील तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर आधी तुम्ही फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं.

गार्डच्या नोकरीसाठी घरात परवान्याची बंदूक आहे का? 'आता जगून काय करायचं' असं ते एकदा जरी बोलले असतील, तर आजच पोलीस ठाण्यात विचारून ती जमा करा. त्यांना एकटं सोडू नका. वेळ आलीच तर ११२ लावा किंवा जवळच्या कुठल्याही रुग्णालयात न्या, पॅनेलवर आहे की नाही ते बघत बसू नका. पॉलिक्लिनिकला मात्र ४८ तासांच्या आत कळवा, नाहीतर बिलाला त्रास होतो.